पोलादी पुंगळीचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेत पिस्तुलाच्या काडतुसावर बोलायला मी उभा राहिलो, याचे काहींना नवल वाटले असेल. मी शिकारी नव्हे, फौजीही नव्हे. माझे आयुष्य धातुकाम करणाऱ्या कामगारांच्या संघटनेत गेले आणि जे काही शिकलो ते पाळी सुटल्यावर वाचून शिकलो. परंतु ‘स्वस्त माल’ हे दोन शब्द कानी पडले, की तो कोणाच्या खर्चाने स्वस्त झाला हे पाहिल्यावाचून मला चैन पडत नाही. अमेरिकेत हाच वाद बोटाच्या पेराएवढ्या एका वस्तूवरून बरीच वर्षे चालू आहे.

तिकडे साधा पगारदार माणूस सुट्टीच्या दिवशी रेंजवर जातो आणि कागदी निशाणावर शंभर-दोनशे गोळ्या झाडून येतो. आपल्याकडे 1959 चा शस्त्र कायदा आहे, परवानेधारकाच्या काडतुसांना मर्यादा आहे, आणि तिकडे सर्रास वापरले जाणारे 9 मिलिमीटरचे पिस्तूल सामान्य परवान्यावर मिळतच नाही. तेव्हा प्रश्न त्यांचा आहे. पण धातू आपल्या ओळखीचा आहे.

काडतुसाची पुंगळी परंपरेने पितळेची. शंभरात सत्तर भाग तांबे, तीस भाग जस्त. खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, त्यामुळे पुण्याकडच्या कामगारांना हे सांगायला नको. पितळेची चकती दाबून वाटी करायची, वाटी ओढून लांबवायची, आणि धातू कडक झाला की तापवून पुन्हा नरम करायचा. तांबट आळीतला कारागीर हातोड्याने जे करतो तेच येथे यंत्र करते. गोळी सुटते त्या क्षणी ही पुंगळी फुगून नळीच्या भिंतीला घट्ट बसते, वायू मागे येऊ देत नाही, आणि लगेच आकसून मोकळी होते. पोलाद इतके सहज फुगत नाही. थोडी काजळी मागे येते, आणि गंजू नये म्हणून त्यावर लाखेसारखा किंवा प्लॅस्टिकसारखा लेप द्यावा लागतो.

मग पोलाद वापरलेच का? तांब्याची टंचाई म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतील इव्हान्सव्हिल गावच्या क्रायस्लरच्या मोटारींच्या कारखान्यात .45 पिस्तुलाची काडतुसे बनू लागली. आधी पितळेची, पुढे पोलादाची. मिळून तीन अब्जांहून अधिक. कामगारांत स्त्रियांचा भरणा मोठा होता. याच टंचाईपायी 1943 साली अमेरिकेची एका सेंटाची नाणीसुद्धा जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादाची निघाली. पोलादी पुंगळीला ‘भिकाऱ्याचा माल’ म्हणून हिणवणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवावे, की त्याच्या आजोबांच्या पलटणीने युद्धात हाच माल वापरला असण्याचा संभव आहे.

पुढे शीतयुद्ध संपल्यावर रशियातील तुला, बर्नाऊल येथील कारखान्यांचा पोलादी माल अमेरिकेत स्वस्त विकला जाऊ लागला. 2021 च्या सप्टेंबरात अमेरिकी सरकारने रशियन दारूगोळ्याच्या आयातीचे नवे परवाने बंद केले. राजकारण वरच्या मजल्यावर झाले, आणि पेटीची किंमत मोजणाऱ्या नेमबाजाची स्वस्ताई आटत गेली.

आता तक्रारी पाहू. पोलादाने पिस्तूल खराब होते, असे म्हणतात. पुंगळीचे पोलाद मऊ असते, पिस्तुलाचे कडक. पुंगळी ओढून काढणारा आकडा थोडा लवकर झिजेल. पण तो लहानसा, बदलता येणारा भाग आहे. गोळीवर तांब्याऐवजी तांबे चढवलेल्या पोलादाचा पत्रा असेल, तर नळीची झीज वाढते. मात्र ही झीज वेगवान, तापणाऱ्या रायफलीत खरी जाणवते. पिस्तुलाचा दाब आणि वेग त्या मानाने कमी. काजळी साचलेल्या नळीत लगोलग पितळी काडतूस घातले तर ते अडकू शकते, म्हणून मधे एकदा फडके फिरवावे. एवढ्याने भागते.

खरा हिशेब दुसरीकडे आहे. पितळी पुंगळी पुन्हा भरता येते. नवी टोपी, नवी दारू, नवी गोळी. पोलादी पुंगळी बहुधा टाकूनच द्यावी लागते, कारण रशियन मालाची टोपी बर्डन पद्धतीची असते आणि तिची जुनी टोपी साध्या सुईने निघत नाही. (गंमत अशी, की बर्डन अमेरिकन आणि बॉक्सर इंग्रज, अमेरिकेने घेतली ती इंग्रजाची पद्धत!) पितळवाले म्हणतात, भरून वापरणे अधिक स्वस्त. पण घरी यंत्रापाशी बसून घालवलेले तास ते मोजत नाहीत. श्रमाला शून्य किंमत लावून नफा दाखवण्याची ही रीत मी वाटाघाटींच्या टेबलावर पुष्कळ पाहिली आहे. काडतुसामागे पाच सेंट वाचतात असे धरले, आणि माणूस वर्षात दहा हजार काडतुसे झाडतो असे धरले, तर पाचशे डॉलर हातात राहतात. त्यात एखादा आकडा नव्हे, बहुधा नवी नळीसुद्धा येईल. सराव वारंवारतेने होतो. ज्याला महाग माल परवडत नाही, त्याने महिन्यातून एकदाच झाडावे काय?

काही रेंजांवर दारातच लोहचुंबक लावून पाहतात. गोळी चिकटली, तर आत प्रवेश नाही. पोलादी पत्र्याची गोळी मागच्या पोलादी भिंतीवर ठिणगी पाडते आणि न जळलेली दारू पेटू शकते. ही हरकत रास्त आहे. दुसरी हरकत मालकाच्या गल्ल्याची: जमिनीवरचे पितळ मोडीत विकले जाते, पोलाद मिसळले की भाव उतरतो. तीही रास्तच, फक्त तिला सुरक्षिततेचे नाव देऊ नये.

आणि संध्याकाळी या पुंगळ्या झाडून वेचणारा जो माणूस आहे, त्याला पितळ काय नि पोलाद काय, दोन्ही सारखेच. गोळीतले शिसे तेच, टोपीतलेही बहुधा तेच, आणि बंद रेंजच्या धुळीत ते बसते. अमेरिकेत 1978 साली कारखान्यांसाठी शिशाचा नियम झाला: आठ तासांच्या सरासरीने हवेच्या घनमीटरला 50 मायक्रोग्रॅम, त्यावर नाही. कोरडा झाडू मारण्याऐवजी बारीक गाळणीच्या यंत्राने धूळ ओढावी लागते. सेंटा-सेंटाचा हिशेब करणाऱ्या नेमबाजाने आपल्या रेंजवर ते यंत्र आहे की झाडू आहे, एवढे विचारावे. विचारायला पाच मिनिटे लागतात.

घंटा झाली आहे. अध्यक्षांच्या परवानगीने मी येथे थांबतो.