स्पर्धा-परीक्षा आणि इंग्रजीचा सराव

स्पर्धा-परीक्षेची वाट धरणारा खेड्यांतील विद्यार्थी इतिहास, भूगोल, राज्यव्यवस्था हे विषय हिरीरीनें अभ्यासतो. पण इंग्रजीचें नांव निघालें कीं त्याचा धीर सुटतो. मग तो बाजारांतून शब्दांचें एखादें जाडजूड पुस्तक आणतो, रोज पन्नास शब्द पाठ करण्याचा संकल्प करतो, आणि पंधरवडा लोटण्यापूर्वींच तें पुस्तक फळीवर जाऊन पडतें. या निराशेस त्याची बुद्धि कारण नसते. कारण असते ती अभ्यासाची रीत.

या देशांत स्पर्धा-परीक्षा आणि इंग्रजी यांची सांगड जुनी आहे. सनदी नोकरीसाठीं खुली परीक्षा १८५५ सालीं लंडन येथें सुरू झाली. तींतून निवडले गेलेले पहिले भारतीय सत्येंद्रनाथ टागोर. त्यांची निवड १८६३ सालीं झाली. ती परीक्षा भारतांत देण्याची सोय व्हावयास १९२२ साल उजाडावें लागलें. १९७९ पासून संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेंत मुख्य विषयांचीं उत्तरें मराठींतहि लिहितां येतात. तरी इंग्रजीची एक स्वतंत्र पत्रिका राहिलीच आहे. तिला ३०० गुण असतात व त्यांपैकीं शेंकडा २५, म्हणजे ७५ गुण, मिळवावे लागतात. हे गुण अंतिम यादींत धरले जात नाहींत. पण ते न मिळाल्यास इतर पत्रिकांतील गुण विचारांतच घेतले जात नाहींत. वर्षभराचे कष्ट असे उंबरठ्यावर वायां जाऊं शकतात.

आरंभ व्याकरणापासून करणें बरें. मात्र नियमांची पोथी घोकण्यापेक्षां मातृभाषा कोठें पाय ओढते हें विद्यार्थ्यानें आधीं ओळखावें. मराठी माणसाच्या कित्येक इंग्रजी चुका मराठींतूनच येतात. मराठींत 'पांच वर्षांपासून' आणि '२०२० सालापासून' या दोहोंस एकच 'पासून' पुरतो. इंग्रजींत काळाचा आरंभ सांगतांना 'सिन्स' आणि काळाची लांबी सांगतांना 'फॉर' योजतात. शिवाय 'तो येथें पांच वर्षांपासून राहतो' या वाक्यांत मराठीस साधा वर्तमानकाळ चालतो. इंग्रजींत तेथें 'हॅज बीन लिव्हिंग' असें म्हणावें लागतें. मराठींत 'विषयावर चर्चा' होते, म्हणून विद्यार्थी 'डिस्कस'पुढें 'अबाउट' जोडतो. वास्तविक तें क्रियापद आपलें कर्म थेट घेतें. 'त्याच्यापेक्षां वरिष्ठ' म्हणण्याच्या संवयीनें 'सीनियर'पुढें 'दॅन' येतो. तेथें 'टू' पाहिजे. 'रामानें पोळी खाल्ली' यांत क्रियापद कर्माच्या मागें जातें. इंग्रजींत तें कर्त्याची साथ सोडीत नाहीं. म्हणून 'वन ऑफ द बॉइज' यानंतर जवळच्या अनेकवचनास न भुलतां 'इज' लिहावें. 'अ' आणि 'ॲन' यांची निवडहि लिहिलेल्या अक्षरावरून होत नाहीं, ती उच्चारावरून होते: 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. अशा दहा-बारा जागा हेरून प्रत्येकीचीं दहा-दहा वाक्यें मराठींतून इंग्रजींत करावीं. तर्खडकरांच्या भाषांतर-पाठमालेवर महाराष्ट्रांतील कित्येक पिढ्या याच मार्गानें इंग्रजी शिकल्या. वहीच्या डाव्या पानावर चुकलेलें वाक्य, उजव्या पानावर शुद्ध वाक्य, व खालीं एका ओळींत कारण, एवढें लिहिलें कीं ही वहीच त्या विद्यार्थ्याचें खरें व्याकरण होतें.

शब्दसंग्रहाचें तसेंच. संस्कृतांत 'हृ' या एका धातूस उपसर्ग लागून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार असे शब्द होतात, हें मराठी श्रोत्यांस ठाऊक आहे. इंग्रजींतहि 'पोर्ट' म्हणजे वाहून नेणें, या लॅटिन मुळापासून 'इम्पोर्ट' म्हणजे आंत आणणें, 'एक्स्पोर्ट' म्हणजे बाहेर पाठविणें, 'ट्रान्स्पोर्ट' म्हणजे एका जागेहून दुसऱ्या जागीं नेणें, असे शब्द निघाले. एक मूळ कळलें कीं शब्दांचें कुटुंब ओळखीचें होतें. मात्र 'आहार' आणि 'प्रहार' यांच्या अर्थांत जसें अंतर पडलें, तसें इंग्रजींतहि पडतें. म्हणून मुळावरून केलेला तर्क कोशांत पडताळून पाहावा. प्रत्येक शब्द स्वतः रचलेल्या एका वाक्यासह लिहावा. वाक्यावांचून पाठ केलेला शब्द ऐन वेळीं हातीं लागत नाहीं.

वाक्प्रचार तर फोडून पाहूंच नयेत. 'डोळा लागणें' म्हणजे झोप येणें, हें परकीयास शब्दार्थावरून कसें कळावें? 'पुट ऑफ' म्हणजे पुढें ढकलणें, 'पुट आउट' म्हणजे विझविणें, 'पुट अप विथ' म्हणजे सोसणें. येथें 'पुट'चा अर्थ शोधणें व्यर्थ होय. जेथें उगम ठाऊक असेल तेथें तो जरूर लक्षांत ठेवावा. 'बरी द हॅचेट' म्हणजे वैर मिटविणें. उत्तर अमेरिकेंतील मूळच्या जमातींत तह करतांना कुऱ्हाड जमिनींत पुरण्याची चाल होती. 'रेड-लेटर डे' म्हणजे संस्मरणीय दिवस; ख्रिस्ती पंचांगांत सणांचे दिवस तांबड्या अक्षरांत छापीत. एकदां ही हकीकत कळली कीं घोकंपट्टीची गरज उरत नाहीं.

आतां स्मरणाविषयीं. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनीं निरर्थक अक्षरगट पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व त्यांचे निष्कर्ष १८८५ सालीं प्रसिद्ध केले. पाठ केलेलें आरंभीं झपाट्यानें विसरतें व पुढें विसरण्याचा वेग मंदावतो, असें त्यांस आढळलें. यावरून रोज पन्नास शब्दांचा हव्यास न धरतां दहाच शब्द घ्यावे. ते दुसऱ्या दिवशीं, चौथ्या दिवशीं, आठवड्यानें आणि महिन्यानें पुन्हां पाहावे. रोजच्या एका तासांत पाव तास भाषांतरास, पाव तास शब्दांस, आणि उरलेला अर्धा तास इंग्रजी वर्तमानपत्रांतील एक उतारा वाचून त्याचा सारांश लिहिण्यास द्यावा. वर सांगितलेल्या पत्रिकेंत उताऱ्यावरील प्रश्न, सारांशलेखन व निबंध हेहि असतात. केवळ याद्या पाठ करून तेथें निभाव लागत नाहीं.

पर्यायी उत्तरांच्या परीक्षेंत आणखी एक हिशेब ध्यानीं ठेवावा. जेथें चार पर्याय असतात व चुकीच्या उत्तरास एक-तृतीयांश गुण कापतात, तेथें डोळे मिटून चार उत्तरें दिलीं तर सरासरीनें एक बरोबर येतें व तीन चुकतात. एक गुण मिळतो व एक जातो, हातीं शून्य. पण एक पर्याय निश्चितपणें खोडतां आला, तर तशा नऊ प्रश्नांत सरासरीनें तीन बरोबर, सहा चूक. तीन मिळाले, दोन गेले, एक गुण पदरांत पडला. अर्धवट ज्ञानासहि असें मोल आहे, कोऱ्या अज्ञानास नाहीं.

इंग्रजी ही कोणाच्या बुद्धीची कसोटी नव्हे. ती एक विद्या आहे, आणि नेमानें केलेल्या सरावानें ती साध्य होते. ज्याच्या घरीं कोणीं इंग्रजीचें अक्षर वाचलें नाहीं अशा मुलासहि रोजचा एक तास आणि एक वही यांच्या बळावर तो उंबरठा ओलांडतां येईल.