जुना टॉवेल पुन्हा शुभ्र कसा होतो

श्रोत्यांपैकीं अनेकांच्या घरीं असा एखादा टॉवेल असेल, कीं जो पिंवळट पडला आहे, कडक झाला आहे आणि धुतल्यावरहि ज्याला कुबट वास येतो. त्याचें पोतेरें करून गृहिणी नवा आणते. परंतु कांहीं महिन्यांनीं नव्याचीहि तीच गत होते. याचें कारण असें कीं, दोष टॉवेलाच्या वयाचा नसून त्यांत सांठलेल्या मळीचा असतो.

ज्या पाण्यांत तुरीची डाळ लवकर शिजत नाहीं व साबणाला फेंस येत नाहीं, त्यास जड पाणी म्हणतात. पुष्कळ विहिरींचें पाणी असेंच असतें. त्यांतील चुन्याचे क्षार साबणाशीं मिळून न विरघळणारी चिकट मळी होते, आणि अंगाच्या तेलासह ती टॉवेलाच्या बारीक वेढ्यांत बसते. तिच्या आश्रयानें सूक्ष्म जंतु वाढतात व वास सुटतो. अशा वेळीं अधिक साबण घालणें म्हणजे मळीतच भर घालणें होय.

पांढऱ्या सुती टॉवेलासाठीं उपाय सोपा आहे. सुमारें ५ लिटर कोमट पाण्यांत एक वाटी पांढरा शिरका, अथवा ३-४ लिंबांचा गाळलेला रस घालून टॉवेल अर्धा तास भिजवावा. आम्लानें मळींतील चुना सुटतो. मग तो स्वच्छ पाण्यांत दोनदां खळबळून काढावा. त्यानंतर स्टीलच्या पातेल्यांत तितक्याच पाण्यांत दोन मोठे चमचे धुण्याचा सोडा घालून २० मिनिटें मंद उकळावा. उरलेलें तेल सोडा काढतो. ॲल्युमिनियमचें भांडें घेऊं नये. सोड्यानें तें खराब होतें. रंगीत टॉवेल उकळूं नयेत.

लिंबू व सोडा एकत्र घालण्याची चूक मात्र सर्रास होते. पाणी फसफसतें, त्यामुळें मोठें काम झाल्यासारखें वाटतें. वस्तुतः दोघे एकमेकांचा गुण मारतात. ब्लीचिंग पावडर तर शिरक्यांत किंवा लिंबांत कधींहि मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो. निळीनें पिंवळेपणा झांकला जातो, जात नाहीं.

शेवटीं टॉवेल पुष्कळ पाण्यांत खळबळून, जोरानें झटकून कडक उन्हांत वाळवावा. झटकल्यानें वेढे उभे राहतात, आणि ऊन शुभ्रपणा आणतें. पावसाळ्यांत तो खुंटीवर घडी करून न टांगतां, वारा लागेल असा दोरीवर पसरावा.

काम साधलें कीं नाहीं, हें पाहण्यास वाळलेल्या टॉवेलावर पाण्याचा एक थेंब टाकावा. थेंब वर तसाच राहिला, तर मळी अद्याप आहे. तो तत्काळ शोषला गेला, तर टॉवेल म्हातारा झालेला नव्हता, असें समजावें.