पुन्हा गणवेशात

(जागतिक परिचारिका दिनानिमित्त १२ मे रोजी रुग्णालयाच्या सभागृहात प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिवस जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. हाती दिवा घेऊन जखमी सैनिकांमधून फिरणारी त्यांची प्रतिमा आपल्या परिचयाची आहे. त्यांच्या आयुष्याची दुसरी बाजू मात्र क्वचितच सांगितली जाते. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात सेवा करीत असताना त्यांना तापाने गाठले आणि १८५७ नंतरची कित्येक वर्षे त्या बहुतांशी अंथरुणाला खिळून होत्या. तरीही १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील परिचारिका विद्यालय त्यांच्याच प्रेरणेने सुरू झाले. हिंदुस्थानातील सैन्याच्या आरोग्याविषयीचे मोठे काम त्यांनी हिंदुस्थानात पाऊल न ठेवता, घरी बसून केले. शरीर थकले, तरी परिचारिका म्हणून त्यांचे काम थांबले नाही. ही गोष्ट मला फार उशिरा समजली. ती कशी समजली, तेच आज आपल्यापुढे मांडण्याची अनुमती घेतो.

कपाशीवरील फवारणीचे दिवस म्हणजे काय, हे यवतमाळ जिल्ह्यात कोणाला सांगावयास नको. २०१७ च्या हंगामात विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना रुग्णालयांत दाखल करावे लागले. अशा रुग्णाला ॲट्रॉपिनची इंजेक्शने वारंवार द्यावी लागतात. त्या औषधाने जीव वाचतो. परंतु रुग्ण काही काळ भ्रमात जातो, बडबडतो, खाटेवरून उठून पळू पाहतो.

तीन वर्षांपूर्वी भाद्रपदातल्या एका रात्री आपल्या रुग्णालयात असाच एक धिप्पाड रुग्ण खाटेवरून कोसळत असताना पाळीवरच्या सिस्टरने त्याला एकटीने सावरले. आठव्या दिवशी तो रुग्ण आपल्या पायांनी घरी गेला. सिस्टरच्या कमरेच्या मणक्यांमधील चकती मात्र सरकली होती. तिला उभेही राहवत नव्हते.

उपचार सुरू झाले. प्रथम किरकोळ रजा संपली, मग आजारपणाची, मग अर्जित. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. हजेरीपटावरील रिकामे रकाने मला खुपू लागले. एका पाळीत एक परिचारिका कमी म्हणजे उरलेल्यांवर किती भार पडतो, हेही मी रोज पाहत होतो. अखेरीस मी एका पत्राचा मसुदा केला : पूर्णपणे तंदुरुस्त असल्याचा दाखला विहित मुदतीत सादर न केल्यास आपले पद रिक्त समजण्यात येईल. पत्र नियमाला धरून होते. ते रवाना होण्यापूर्वी मेट्रनबाईंच्या नजरेस पडले. त्या माझ्या दालनात आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, ती स्वतःहून पडली नाही. पडणाऱ्याला तिनं धरलं. हे पत्र पाठवायचं असेल तर तुम्हीच तिच्या घरी नेऊन द्या."

ते पत्र आजही माझ्या टेबलाच्या खणात आहे. त्या रात्री मी ताळेबंद समोर घेऊन बसलो. क्ष-किरण यंत्र मालमत्तेच्या बाजूला होते आणि सिस्टरचा पगार खर्चाच्या बाजूला. यंत्र बिघडले, तर दुरुस्तीचा खर्च आपण एका बैठकीत मंजूर करतो. आणि रुग्णाच्या बुबुळाकडे पाहून ॲट्रॉपिनची मात्रा पुरेशी झाली की नाही हे ओळखणारा चौदा वर्षांचा अनुभव मी एका पत्राने मोडीत काढावयास निघालो होतो.

मग मी कायदा वाचला. सेवेत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने नोकरीतून काढू नये, त्याची पदावनती करू नये, अशी तरतूद १९९५ च्या कायद्यात होती. ती २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही आहे. मूळ पदाचे काम झेपत नसेल, तर त्याच वेतनावर दुसरे पद द्यावे; तसे पद नसेल, तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर ठेवावे, असे तो कायदा सांगतो. आपला न्यास सरकारी नाही, ही तरतूद आपणांस बंधनकारक नाही, हे खरे. परंतु धर्मादाय म्हणविणाऱ्या संस्थेने सरकारपेक्षा कमी माणुसकी दाखवावी काय, हा प्रश्न मी विश्वस्त मंडळापुढे ठेवला. मंडळाने एकमताने त्याचे उत्तर दिले, ह्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

ह्या संदर्भात मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील अरुणा शानबाग यांचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. नोव्हेंबर १९७३ मध्ये रुग्णालयाच्या आवारातच झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर त्या कधीही कामावर परतू शकल्या नाहीत. १८ मे २०१५ रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, म्हणजे एक्केचाळीस वर्षांहून अधिक काळ, तेथील परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली. इतकी वर्षे अंथरुणावर असूनही त्यांना शय्याव्रण झाले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात ह्या सेवेचा गौरव केला आहे. जिला परत येणे शक्यच नव्हते, तिलाही त्या भगिनींनी आपल्यातून वजा केले नाही. मग जी परत येऊ इच्छिते, तिच्यासाठी दार उघडे ठेवणे आपणांस कठीण का व्हावे?

आमची सिस्टर सातव्या महिन्यात परतली. डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रथम रोज चार तास, बाह्यरुग्ण विभागात, लसीकरण आणि रक्तदाबाच्या नोंदी. मग आठ तास. मग नवीन मुलींना विषबाधेच्या रुग्णावर लक्ष कसे ठेवावे, हे शिकविण्याचे काम. हे सारे सुरळीत झाले, असे मी म्हणणार नाही. रात्रपाळ्या इतरांच्या वाट्याला गेल्या, कुरबूर झाली. 'बसून पगार घेते' हे शब्द तिच्या कानी पडले आणि ती एकदा राजीनामा लिहून घेऊन आली. तो मी घेतला नाही. पुरुषांच्या वॉर्डात ती प्रथम गेली, तेव्हा दाराशीच बराच वेळ उभी राहिली होती. एका रुग्णाला कुशीवर वळवावयाचे होते. त्याचा भाऊ पुढे झाला आणि म्हणाला, "सिस्टर, तुम्ही नका उचलू, आमी आहो ना." तिने त्याला हात कुठे द्यावयाचा ते दाखविले आणि काम झाले. आजही थंडीत तिची कंबर दुखते, आजही ती वजन उचलत नाही. पण ती गणवेशात आहे.

ही दुखापत टाळता आली असती काय? अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञाने २००७ मध्ये सुचविलेली मर्यादा अशी की, रुग्णाला हलविताना एका व्यक्तीच्या अंगावर सुमारे १६ किलोंहून अधिक भार येऊ नये. साठ किलोंच्या रुग्णाला एकटीने उचलणे म्हणजे काय, ह्याचा हिशेब आपण करू शकता. वाकलेल्या आणि त्याच वेळी पिळलेल्या कमरेवर हा भार सर्वांत घातक ठरतो. आता आपल्या वॉर्डांत रुग्णाला एकटीने उचलू नये असा नियम आहे. चादरीच्या साह्याने, दोघा-तिघांनी मिळून सरकवावे. ॲट्रॉपिन सुरू असलेल्या रुग्णाच्या खाटेला कठडे लावले जातात आणि जवळ एक नातेवाईक बसविला जातो.

देणगीदारांना माझी नम्र विनंती आहे. इमारतीच्या कोनशिलेवर नाव कोरले जाते, ते योग्यच आहे. परंतु उंची कमी-जास्त करता येणाऱ्या खाटा, रुग्ण सरकविण्याच्या फळ्या आणि जखमी परिचारिकेच्या जागी तात्पुरती परिचारिका नेमण्यासाठी एक लहानसा निधी, ह्यांसाठीही आपला हात पुढे यावा. बदलीची परिचारिका मिळाली, तर कुरबूर होत नाही आणि घरी पडून असलेल्या भगिनीला अपराधी वाटत नाही.

आणि रुग्णांच्या आप्तेष्टांनो, रुग्णाला उचलण्यासाठी सिस्टर दुसऱ्या कोणाला हाक मारील आणि दोन मिनिटे उशीर होईल, तेव्हा रागावू नका. जमल्यास उठून हात द्या. तिची कंबर शाबूत राहिली, तर उद्या दुसऱ्या कोणाचा भाऊ, कोणाचा बाप वाचणार आहे.

मी हिशेबाचा माणूस. बेरीज-वजाबाकीत आयुष्य गेले. एक वजाबाकी करावयाची राहून गेली, ह्याचे श्रेय मेट्रनबाईंचे आहे. त्यांना आणि सर्व परिचारिका भगिनींना संस्थेच्या वतीने वंदन करून मी आपली रजा घेतो.