जुना संगणक भंगारात देण्यापूर्वी

वर्धा जिल्ह्यात संगणक दुरुस्तीची कामं करताना एक प्रश्न मला वारंवार ऐकू येतो : "भाऊ, यात विंडोज बसत नाही. विकून टाकू का?" विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हापासून तर हा प्रश्न फारच वाढला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. ती जुन्या यंत्रात बहुधा नसते. मग कुणी तरी लिनक्स सुचवतं, तेही बसता बसता मध्येच थांबतं आणि सगळा दोष संगणकाच्या वयावर जातो.

देवळी तालुक्यातल्या एका महिला बचत गटाच्या संगणकाचं असंच झालं होतं. सभासदांच्या कर्जाचा सारा हिशेब त्यातच होता. गटाच्या ताई म्हणाल्या, "मशीन गेली त जाऊ द्या भाऊ, पण आमचा हिशेब वाचवा." म्हणून पहिलं काम हिशेब वाचवण्याचं. लिनक्स न बसवताही थेट पेन ड्राइव्हवरून चालवता येतं. तसं चालवून साऱ्या फायली बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या आणि दुसऱ्या संगणकावर उघडून पाहिल्या. हे झाल्याशिवाय जुन्या डिस्कला हात लावू नये.

आता दोष शोधायचा. माझा साधा नियम असा : काम दरवेळी एकाच जागी थांबत असेल, तर आधी पेन ड्राइव्हवर किंवा उतरवून घेतलेल्या फाइलवर संशय घ्यावा. दरवेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर रॅम, उष्णता किंवा वीजपुरवठा तपासावा. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तीन गोष्टी एकदम बदलल्या, तर यंत्र सुरू होईलही, पण दोष कशात होता ते कळणार नाही.

या संगणकाचं काम कधी चाळीस टक्क्यांवर थांबे, कधी सत्तर. आत पंख्याभोवती धूळ आणि कापसाचे तंतू जमले होते. आपल्या कपाशीच्या मुलखात हे नेहमीचंच. ते साफ केलं, तरी अडचण कायम. मग मेमटेस्ट नावाची रॅमची चाचणी रात्रभर चालवली, तर चुकाच चुका! दोन-दोन जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. एकेक लावून पाहिल्यावर एक निर्दोष निघाली. दुसरीचे संपर्क खोडरबरानं पुसले, जागा बदलली, तरी चुका येतच राहिल्या. ती काढून टाकली.

पुन्हा सुरुवात केली, तर इंटरनेटवरून फायली घेताना प्रमाणपत्र अवैध असल्याचा संदेश आला. संगणकाची तारीख कित्येक वर्षं मागे गेली होती. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला होता. सेल बदलला, तारीख लावली आणि हलक्याफुलक्या रूपातलं लिनक्स उरलेल्या २ जीबी रॅमवर बसलं.

प्रत्येक यंत्र वाचतंच असं नाही. हार्ड डिस्क खराब होत चालली असेल, तर तिच्यावर हिशेब ठेवू नये, डिस्कच बदलावी. प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हेही आधी पाहावं. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर नाही. मात्र ६४ बिट यंत्रावर ते बसवताना मराठी भाषाही निवडता येते.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघानं सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं होतं. दुरुस्तीचा वार्षिक खर्च यंत्राच्या किमतीच्या पाच टक्क्यांहून अधिक नसावा, ही त्यातली एक अट होती. वर्ध्याच्या मगन संग्रहालयातले चरखे पाहताना मला ही अट आठवते. संगणक भंगारात देण्यापूर्वी आपणही हा हिशेब एकदा करून पाहावा. बचत गटाच्या त्या संगणकाला लागला तो फक्त एक सेल. त्यावर आजही कर्जाच्या नोंदी होतात आणि दर महिन्याला त्यांची एक प्रत पेन ड्राइव्हवर, गटाच्या कपाटात ठेवली जाते.