धुरावाचून प्रकाश

जबलपूरहून भेडाघाटला गेलेला प्रवासी नर्मदेच्या ज्या प्रपातापाशी थबकतो, त्याचे नाव धुआंधार. पाणी कड्यावरून कोसळते आणि त्याचे तुषार असे उसळतात, की दुरून पाहणाऱ्यास तेथे धूर दाटल्याचा भास व्हावा. परंतु हा धूर डोळ्यांना झोंबत नाही, भिंती काळ्या करीत नाही आणि मागे राखही ठेवीत नाही. आज साऱ्या जगाला जी शक्ती हवी आहे, ती अशीच असावी अशी सर्वांची अपेक्षा आहे. तिने यंत्रे फिरवावीत, घरे उजळावीत. पण आकाश मलिन करू नये.

अपेक्षा रास्त आहे आणि तिला कारणही तितकेच गंभीर आहे. कोळसा जळतो तेव्हा निघणारा कार्बन वायू वातावरणात साचत राहतो, पृथ्वीभोवती जणू पांघरूण घालतो आणि तिची उष्णता अडवून धरतो. भारतातील निम्म्याहून अधिक वीज अद्याप कोळशापासूनच निर्माण होते. 2021 साली ग्लासगो येथील परिषदेत भारताने 2070 सालापर्यंत या वायूचा जमाखर्च शून्यावर आणण्याचे वचन दिले. वचन राष्ट्राने दिले खरे. ते पाळायचे आहे मात्र गावोगावच्या माणसांना. तेव्हा ते कोणाला किती जड जाणार आहे, हा प्रश्न विचारणे क्रमप्राप्त ठरते.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास जबलपूरइतके योग्य ठिकाण क्वचितच सापडेल. 1956 साली नवा मध्यप्रदेश घडला तेव्हा राजधानीचा मान भोपाळला मिळाला, उच्च न्यायालय जबलपुरास आले आणि राज्याच्या विद्युत मंडळाचे मुख्यालयही याच शहरात राहिले. पुढे मंडळाच्या निरनिराळ्या कंपन्या झाल्या, तरी शक्तिभवन या नावाच्या वास्तूतून राज्याच्या विजेचा कारभार चालतो. सारणी, बीरसिंहपूर, चचाई येथील कोळशाच्या भट्ट्यांचा हिशेब येथेच होतो, आणि नर्मदेच्या पाण्यावर चालणाऱ्या जनित्रांचाही.

शहरापासून सुमारे चाळीस किलोमीटरवर बरगीचे धरण आहे. नर्मदेच्या मुख्य प्रवाहावर पूर्ण झालेले हे पहिले मोठे धरण. काम 1970 नंतरच्या दशकात सुरू झाले आणि 1990 साली जलाशय पूर्ण भरला. पायथ्याच्या वीजगृहाची शक्ती 90 मेगावॅट आहे. तेथे चिमणी नाही, राख नाही, कोळशाच्या वाघिणी नाहीत. स्वच्छ शक्तीचा याहून चांगला नमुना दाखवणे कठीण, असे पाहुण्यास सहज वाटावे.

परंतु या स्वच्छ पाण्याखाली काय आहे? सरकारी अंदाजाप्रमाणे 101 गावे बाधित व्हायची होती. पाणी चढले तेव्हा ती 162 भरली. मंडला, सिवनी आणि जबलपूर या तीन जिल्ह्यांतील ही गावे. त्यांत गोंड आदिवासींची वस्ती मोठी. नदीकाठची काळी जमीन, देवस्थाने, मोहाची झाडे, लेकीबाळींच्या येण्याजाण्याच्या वाटा, सारे काही पाण्याखाली गेले. अनेक कुटुंबे डोंगरउतारावर सरकली, कित्येक जबलपुरात मोलमजुरीस आली. ज्या शहराला त्यांच्या पाण्याने आणि विजेने सुख दिले, त्याच शहरात त्यांच्यातील काहींना सायकलरिक्षा ओढावी लागली.

महाराष्ट्राला ही कथा नवी नाही. मुंबईला वीज पुरवण्यासाठी मुळशीच्या खोऱ्यात धरण होऊ घातले, तेव्हा 1921 साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांचे पुढारी झाले. ती वीजही पाण्याचीच होती, धुरावाचूनची होती. मुळशीच्या शेतकऱ्याचा विजेला विरोध नव्हता. ज्याची भाकरी जाते त्याला कोणी विचारले का, एवढेच त्याचे म्हणणे होते. त्यानंतर सुमारे सत्तर वर्षांनी बरगीच्या काठावर तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, यावरून यंत्रे जितक्या वेगाने सुधारतात तितक्या वेगाने न्यायबुद्धी सुधारत नाही, हे उघड होते.

तथापि बरगीची कथा केवळ दुःखाची नाही. विस्थापितांनी संघटना उभारली, आणि 1994 साली जलाशयातील मासेमारीचा अधिकार त्यांच्या सहकारी संघाला मिळाला. नांगर धरणाऱ्या हातांनी जाळे धरले. ज्या पाण्याने शेते बुडवली, त्याच पाण्यातून पोट भरण्याचा मार्ग निघाला. पुढे हा अधिकार संघाच्या हातून गेला. परंतु बुडणाऱ्यास नव्या संपत्तीत वाटा देता येतो, हे त्या थोड्या वर्षांनी सिद्ध केले.

हा धडा पक्का झाला असता, तर पुढचा प्रसंग कदाचित आला नसता. याच जलाशयाच्या काठी, मंडला जिल्ह्यातील चुटका येथे प्रत्येकी 700 मेगावॅटच्या दोन अणुभट्ट्यांची योजना आखली गेली. अणुशक्तीतही कोळशाचा धूर नाही, आणि देशाला तिची गरज आहे असे तज्ज्ञ सांगतात. पण तेथील ग्रामस्थांत बरगीने एकदा उठवलेली माणसे होती. त्यांनी कडवा विरोध केला. त्यांना अडाणी म्हणणे सोपे आहे. पण ज्याचे घर एकदा राष्ट्रहितासाठी बुडाले, त्याने दुसऱ्यांदा हमी मागितली तर त्यात अडाणीपणा कोणता? विश्वास हाही शक्तीचा एक साठा आहे; तो एकदा रिता झाला की भरण्यास फार काळ लागतो.

मग सूर्याकडे वळावे काय? अवश्य वळावे, आणि मध्यप्रदेश वळलाही आहे. रीवा जिल्ह्यात गुढ येथे 750 मेगावॅटचे सौर केंद्र उभे राहिले आणि 2020 साली राष्ट्राला अर्पण झाले. 2017 सालच्या निविदेत त्याच्या विजेचा पहिल्या वर्षाचा दर युनिटला 2 रुपये 97 पैसे ठरला, तेव्हा सूर्याची वीज कोळशाशी बरोबरी करू शकते हे देशास कळले. तिचा एक वाटा दिल्लीची मेट्रो चालवण्यास जातो. परंतु सूर्य मध्यान्ही भरभरून देतो, आणि दिव्यांची गरज लागते ती तिन्हीसांजेला. दिवसाची शक्ती रात्रीसाठी राखून ठेवायची, तर मोठमोठ्या बॅटऱ्या हव्यात, किंवा दिवसा पाणी वर चढवून रात्री खाली सोडणारी जलाशयांची जोडी हवी. त्यासाठी पुन्हा पैसा लागतो, जमीन लागते. आणि जमीन म्हटली की तिच्यावर कोणाची गुरे चरत होती, हा प्रश्न आलाच.

दुसरीकडे कोळशावर जगणाऱ्यांचेही काही आहे. सारणीचे जुने संच बंद झाले. छिंदवाड्याच्या पेंच-कन्हान खोऱ्यातील कित्येक खाणींचे दिवस भरले. खाणकामगाराचे घर, किराणा दुकानदाराची उधारी, शाळेची पटसंख्या, हे सारे खाणीच्या भोंग्याशी बांधलेले असते. भोंगा थांबला म्हणून आकाश निवळेल. पण त्या गावातील तरुणाने काय करावे? बरगीच्या शेतकऱ्याला जे विचारले गेले नाही, ते खाणकामगाराला तरी वेळीच विचारले पाहिजे.

घरातील धुराची गोष्ट वेगळी नाही. 2016 साली उज्ज्वला योजना आली आणि गरीब घरांत गॅसची शेगडी पोहोचली. चुलीपुढे फुंकणी घेऊन बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांतील पाणी ज्याने पाहिले आहे, तो या योजनेचे मोल जाणतो. परंतु शेगडी एकदाच मिळते, सिलिंडर मात्र पुनःपुन्हा भरावा लागतो. हाती पैसा नसला की मजुरीवर जगणारे घर पुन्हा सरपणाकडे वळते. स्वच्छतेची आवड त्याला नाही असे नव्हे. त्याची ऐपत आणि ती स्वच्छता यांत अंतर आहे.

शेवटी, शक्ती कोठून आणावी याइतकाच ती किती वापरावी हाही विचार महत्त्वाचा आहे. जबलपूर एके काळी बावन्न तलावांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. राणी दुर्गावतीने राणीताल बांधविला, तिच्या दासीने चेरीताल आणि मंत्री आधारसिंहाने आधारताल, असे परंपरा सांगते. पावसाचे पाणी तेथे थांबे, भोवतालच्या विहिरी भरत, आणि पाणी चढवण्यास यंत्र लागत नसे. शहर वाढले तशी भर पडून कित्येक तलावांवर वस्ती झाली; आज चेरीताल हे तलावाचे नव्हे, मोहल्ल्याचे नाव आहे. एक तलाव बुजवला म्हणजे एक पंप अधिक चालतो, हा हिशेब कोणत्याही विद्युत कंपनीच्या वहीत लिहिलेला सापडत नाही.

नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू, आणि त्यांत मराठी माणसे पुष्कळ, थोडेसे सामान पाठीवर घेऊन निघतात, काठच्या गरिबांनी दिलेला शिधा कृतज्ञतेने घेतात, आणि नदी ओलांडायची नाही हा नियम पाळतात. बरगीच्या पाण्याखाली त्यांची जुनी वाट गेली. आता त्यांना जलाशयाला वळसा घालून जावे लागते. चाल लांबते, पण परिक्रमा थांबत नाही. धुराकडून प्रकाशाकडे निघालेल्या समाजाचा मार्गही असाच थोडा लांबचा आहे. वाटेतील कोणाचे घर तुडवायचे नाही आणि गरजेपेक्षा अधिक ओझे उचलायचे नाही, हे दोन नियम पाळून चालणाऱ्यास उशीर होईल. परंतु तो जेथे पोहोचेल, तेथे उजेड सर्वांच्या दारात असेल.