जीपच्या मागल्या आसातून तेल का गळते?



गाडी हलली की जमिनीवर तेलाचा काळा डाग मागे राहतो, ही गोष्ट जीप बाळगणाऱ्या माणसाला नवी नाही. "जुनी गाडी आहे, थोडे गळायचेच," असे म्हणून आपण पुढे जातो. पण तो डाग मागल्या दोन चाकांच्या मध्ये, किंवा एखाद्या मागल्या चाकाच्या आतल्या अंगाला पडत असेल, तर 'चालायचेच' म्हणून भागत नाही. का भागत नाही, आपल्या हातून काय होण्यासारखे आहे आणि मिस्त्रीला केव्हा बोलवावे, एवढेच आज पाहू.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी बनलेली ही गाडी युद्धानंतर मुंबईत जोडली जाऊ लागली. पुढे तिची नावे बदलली, रूपे बदलली. पण मागल्या आसाचे तत्त्व तेच राहिले.

बैलगाडीचा आस फिरत नाही. चाके त्यावर मोकळी फिरतात. वळणावर बाहेरचे चाक जास्त अंतर तोडते, आतले कमी, आणि कोणाची तक्रार नसते. मोटारीत मात्र इंजिनाला दोन्ही चाके ढकलायची असतात, आणि तरीही वळणावर त्यांना कमीजास्त फिरू द्यायचे असते. हे काम मधल्या गोल पेटीतला डिफरन्शियल करतो. पुढून येणारा शाफ्ट पिनियन फिरवतो, पिनियन मोठे क्राऊन चक्र फिरवते, आणि तिथून दोन्ही बाजूंच्या दांड्या चाकांकडे जातात. ही दातेरी चक्रे जाड गिअर ऑइलात बुडून फिरतात. बैलगाडीचे वंगण संपले की आस ओरडून सांगतो. इथे मात्र ओरडा ऐकू येईपर्यंत दाते खाल्ले गेलेले असतात. सील स्वस्तात मिळते. क्राऊन-पिनियनची जोडी घेताना खिसा रिकामा होतो.

पण पैशाहून मोठा धोका दुसराच आहे. दांडीच्या टोकाचे सील गेले, की तेल ब्रेकच्या ड्रममध्ये शिरते आणि लायनर भिजतो. मग ब्रेक दाबल्यावर एक चाक धरते, दुसरे सरकते, आणि गाडी एका अंगाला ओढते. सपाटीवर हे कळतही नाही. पसरणीच्या किंवा आंबेनळीच्या घाटात, मागे माणसे बसलेली असताना, ते कळून उपयोग नसतो.

आता निदान. मी तर्कशास्त्राचा अध्यापक. वर्गात आम्ही धुरावरून अग्नीचे अनुमान शिकवतो. पण धूर म्हणून जे दिसते ते धुकेही असू शकते. तसेच 'तेल दिसले, म्हणजे सील गेले' हे घाईचे अनुमान होय.

पहिला प्रश्न : गळते आहे ते काय? बोटावर घेऊन पाहा. गिअर ऑइल दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास असतो. ब्रेकचे तेल पातळ असते, पाण्याने धुऊन जाते आणि रंग खाते. चाकाशी ओल असेल आणि ब्रेकच्या डबीतली पातळी उतरत असेल, तर दोष आसाचा नसून चाकाजवळच्या ब्रेक-सिलिंडरचा आहे. अशी गाडी दुरुस्त झाल्याशिवाय रस्त्यावर काढू नये.

दुसरा प्रश्न : येते कोठून? वाऱ्याने तेल मागे उडते आणि वजनाने खाली उतरते. इंजिनाचे किंवा गिअरबॉक्सचे तेलही आसावर येऊन बसते. म्हणून आस रॉकेलने स्वच्छ धुवावा, कोरडा पुसावा आणि त्यावर खडूची पूड भुरभुरावी. शिक्षकबंधूंना ती शोधायला जावे लागणार नाही! मग पाचदहा किलोमीटर गाडी फिरवून, ती निवल्यावर पाहावे. सर्वांत वरची आणि सर्वांत पुढची ओली जागा, ती उगमाची जागा. शाफ्ट पेटीत शिरतो तिथे असेल तर पिनियनचे सील. पेटीच्या झाकणाच्या कडेला असेल तर पॅकिंग किंवा सैल बोल्ट. खालच्या बुचाशी असेल तर बूच. चाकाच्या आतल्या पत्र्यावर असेल तर दांडीचे सील.

तिसरा प्रश्न पुष्कळजण विचारतच नाहीत : सील मुळात का गेले? आसाच्या वरच्या अंगाला एक लहानशी श्वासनळी असते. तिला ब्रीदर म्हणतात. चालून आस तापला की आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. चिखलाने तो बुजला, तर दाबाची हवा तेलाला सीलमधून बाहेर लोटते. तीच तापलेली गाडी ओढ्यात उतरली, की हवा आकसते आणि पाणी आत ओढले जाते. तेल ताकासारखे पांढुरके दिसले तर पाणी शिरले असे समजावे आणि सगळे तेल बदलावे. म्हणून सीलला हात लावण्यापूर्वी ब्रीदर काढून, धुऊन, फुंकून पाहा. कधी कधी एवढ्यानेच गळती थांबते.

दुसरे कारण : तेल जास्त भरलेले असणे. गाडी सपाटीवर उभी असताना भरण्याच्या भोकाच्या खालच्या काठापर्यंत तेल, हे साधारण माप. पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल तर ते खरे. तिसरे कारण : बेअरिंग झिजून दांडी डुगडुगणे. अशा दांडीवर नवे सील घातले तरी फार दिवस टिकणार नाही.

आता काम. जॅकवर चाक उचलताना एक गोष्ट ध्यानात धरा. पुष्कळ जुन्या जीपांत हातब्रेक चाकांवर नसतो, मागल्या शाफ्टवर असतो. एक मागले चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते मोकळे फिरते आणि हातब्रेक ओढलेला असूनही गाडी सरकू शकते. म्हणून पुढल्या चाकांना दोन्हीकडून दगड किंवा ठोकळे लावावेत, आसाखाली भक्कम घोडी द्यावी, आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही खाली जाऊ नये.

तेल काढण्याआधी भरण्याचे बूच उघडते की नाही ते पाहावे. खालचे काढले, तेल सांडले, आणि वरचे गंजून बसलेले, अशी फजिती नको. नवे सील बसवताना त्याची स्प्रिंगची बाजू तेलाकडे असावी. ओठाला तेल लावावे आणि लाकडाचा ठोकळा ठेवून सगळीकडून सारखे ठोकावे. सील जिथे घासते तिथे शाफ्टला नखाला लागण्याइतकी चरी पडली असेल, तर नवे सीलही गळेल. तेव्हा ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

भिजलेले लायनर धुऊन किंवा जाळून परत घालू नयेत. ते बदलावेत, तेही दोन्ही बाजूंचे. जुन्या लायनरच्या भुकटीत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

पिनियनचे सील मात्र जाणत्या मिस्त्रीकडून बदलून घ्यावे. तिथला नट किती घट्ट आवळावा यावर आतल्या बेअरिंगचे आयुष्य अवलंबून असते. जास्त आवळला तर बेअरिंग जळते, सैल राहिला तर दाते कण्हू लागतात.

काढलेले तेल ओढ्यात किंवा बांधावर ओतू नका. डब्यात भरून जुने तेल घेणाऱ्याकडे द्या. आणि गाडी परत रस्त्यावर घेण्यापूर्वी, मोकळ्या सपाट जागी हळू चालवून चारदोनदा ब्रेक दाबून पाहा. गाडी सरळ थांबली तरच घाटाची वाट धरा. महिन्यातून एकदा गाडीखाली डोकावायला पाच मिनिटे पुरतात. डाग दिसला की तो कोठला, हे त्याच दिवशी शोधावे.