शून्य साखरेचा हिशेब

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मी कविता लिहिणारा माणूस. डॉक्टर नाही, आहारतज्ज्ञ नाही. शिक्षण बी.ए.पर्यंत. तरीही आज मी डाएट सोड्यावर बोलणार आहे, कारण माझे या बाटलीकडे लक्ष गेले ते तिच्या नावामुळे. ‘डाएट’ म्हणजे खरे तर आहार, माणूस रोज जे खातो-पितो ते. पण हा शब्द आपल्याकडे आला आणि त्याचा अर्थ बदलला. ‘ती सध्या डाएटवर आहे’ असे कोणी म्हटले की ऐकणारा समजतो, ती जेवत नाही. दुसरा शब्द ‘सोडा’. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात सोडा म्हणजे गोटीची बाटली. लग्नाच्या पंगतीत जेवण जास्त झाले, पोट जड वाटू लागले की लिंबू पिळून प्यायचा. म्हणजे सोडा हा पोटावरचा उतारा. असे हे दोन शब्द एकत्र आले आणि लोकांनी त्याचा सरळ अर्थ लावला : वजन उतरवण्याचे औषध.

ही बाटली पूर्वी मोठ्या शहरांत दिसायची. आता चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, कुठल्याही एसटी स्टँडवरच्या दुकानात दिसते. कोणी तिला ‘डाएट’ म्हणतो, कोणी ‘झिरो’. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे ऊन असे असते की माणूस थंड काहीही पितो. म्हणून प्रश्न साधा आहे, पण महत्त्वाचा आहे. या पेयाने वजन कमी होते का? आणि भूक, ती मरते की वाढते?

आधी हिशेब पाहू. साध्या कोलाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे ३२ ग्रॅम साखर असते. चहाच्या चमच्याने मोजली तर सात-आठ चमचे. त्यातून शरीराला साधारण १३० कॅलरी मिळतात. डाएट बाटलीत ही साखर नसते, कॅलरी जवळजवळ शून्य. म्हणजे रोज साखरेची बाटली पिणारा माणूस डाएट बाटलीवर आला आणि बाकी काहीच बदलले नाही, तर रोजच्या १३० कॅलरी वाचल्या. इथपर्यंत जाहिरात खोटे बोलत नाही.

मग साखर नसताना गोडी येते कुठून? ती येते कृत्रिम गोड पदार्थांतून. यातला सर्वांत जुना सॅकरिन, १८७९ साली अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत सापडलेला. अस्पार्टेम १९६५ सालचा, साखरेपेक्षा सुमारे २०० पट गोड. आणि सुक्रालोज, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड. या सुक्रालोजच्या शोधात एक मराठी आडनाव आहे. १९७६ साली लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली शशिकांत फडणीस नावाचे तरुण संशोधक साखरेच्या रेणूला क्लोरीन जोडण्याचे काम करत होते. असे सांगितले जाते की, तयार झालेला पदार्थ तपासून पाहा, असे त्यांना इंग्रजीत सांगण्यात आले आणि त्यांनी ऐकले, चाखून पाहा. त्यांनी चाखला. तो विलक्षण गोड निघाला. तपासणे आणि चाखणे या दोन्हींसाठीचे इंग्रजी शब्द आपण मराठीत ‘टेस्ट’ असेच लिहितो, त्यामुळे मला या गोष्टीचे फारसे आश्चर्य वाटत नाही. पण त्या एका ऐकण्याच्या चुकीतून जी गोडी निघाली, ती आज जगभरच्या बाटल्यांत आहे.

आता वजनाचे पाहू. नेदरलँड्समध्ये ६४१ शाळकरी मुलांवर दीड वर्ष एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या मुलांना रोज २५० मिलिलिटर साखरेचे पेय दिले, निम्म्यांना तसेच दिसणारे, तसेच लागणारे बिनसाखरेचे. कोणाला काय मिळते हे मुलांना माहीत नव्हते. मुले वाढत्या वयाची, त्यामुळे वजन सगळ्यांचेच वाढले. पण बिनसाखरेचे पेय घेणाऱ्यांचे सरासरी एक किलोने कमी वाढले. म्हणजे साखरेच्या बाटलीशी तुलना केली तर डाएट बाटली बरी. हे मान्य करायला हवे.

पण तुलना पाण्याशी केली तर? इथे निकाल एकसारखे नाहीत. अमेरिकेत ३०० जणांच्या एका वर्षभराच्या प्रयोगात वजन उतरवण्याचा कार्यक्रम सर्वांनी पाळला. डाएट पेय घेणाऱ्यांचे सरासरी सहा किलो उतरले, पाणी पिणाऱ्यांचे अडीच किलो. मात्र या प्रयोगाचा खर्च शीतपेय उत्पादकांच्या संघटनेने केला होता, हेही सांगायला हवे. उलट इराणमध्ये ६२ महिलांवर २४ आठवड्यांचा प्रयोग झाला. त्याही आहारनियंत्रण करत होत्या. दुपारच्या जेवणानंतर डाएट पेयाऐवजी पाणी घेणाऱ्यांचे ८.८ किलो उतरले, डाएट पेय घेणाऱ्यांचे ७.६ किलो. एक निकाल इकडे, एक तिकडे. पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखीच आहे. वजन उतरले ते ताटावर लक्ष ठेवल्यामुळे. बाटलीने फार तर थोडा फरक केला.

जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये याविषयी सल्ला दिला. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेऐवजी हे गोड पदार्थ वापरू नका, दीर्घकाळात त्याचा फायदा दिसत नाही, असा तो सल्ला. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना तो लागू नाही, हेही संघटनेने स्पष्ट केले. वर्षानुवर्षे हे पदार्थ घेणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार अधिक आढळतात, हेही तिने नोंदवले. पण हे वाचून घाबरण्यापूर्वी थोडे थांबावे. ज्या गावात जास्त लोक छत्री घेऊन फिरतात, तिथे पाऊस जास्त पडतो. म्हणून छत्रीने पाऊस आणला असे आपण म्हणत नाही. डाएट बाटलीकडे वळतात ते बहुधा वजन वाढलेले किंवा साखरेची भीती घातलेले लोक. आजार बाटलीमुळे आला की आजाराच्या वाटेवर असल्यामुळे बाटली आली, हे अशा पाहणीतून ठरत नाही. म्हणूनच संघटनेने आपला सल्ला सशर्त ठेवला.

आता भुकेकडे येऊ. साखर पोटात गेली की रक्तातली साखर वाढते, इन्शुलिन येते आणि मेंदूला निरोप जातो की अन्न आले. कृत्रिम गोडीत जिभेला गोड लागते, पण मागून अन्न येत नाही. सांगावा आला, पाहुणा आलाच नाही. अमेरिकेतल्या दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाने ७५ जणांवर केलेल्या आणि २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात तेच लोक वेगवेगळ्या दिवशी साधे पाणी, साखरेचे पाणी आणि सुक्रालोजचे पाणी प्यायले. सुक्रालोजनंतर मेंदूतल्या भूक सांभाळणाऱ्या भागात हालचाल वाढलेली दिसली आणि साखरेच्या पाण्याच्या तुलनेत लोकांना भूकही अधिक लागली. मात्र साध्या पाण्याच्या तुलनेत भुकेत फरक आढळला नाही. याचा अर्थ डाएट सोडा भूक पेटवतो असा नाही. तो भूक भागवत नाही, एवढाच. प्यायल्यावर काही वेळ पोट भरल्यासारखे वाटते, ते वायूमुळे. कोलातल्या कॅफिनने थोडी तरतरीही येते. पण शरीराचे मागणे तसेच राहते आणि तासाभराने ते पुन्हा दार वाजवते.

या मागण्याला आपण काय उत्तर देतो, तिथे खरी गोम आहे. शेगाव स्टेशनावर कचोरी खाल्ली नाही असा माणूस आमच्या भागात सापडणे कठीण. माझे एक निवृत्त शिक्षक मित्र आहेत, त्यांना मधुमेह आहे. ते एक कचोरी खातात, बिनसाखरेची बाटली मागवतात आणि मग म्हणतात, ‘‘साखर तर वाचली, आणखी एक होऊन जाऊ द्या.’’ मी म्हणतो, ‘‘गुरुजी, मैदा आणि तेल कोणाच्या खात्यावर टाकायचे?’’ ते हसतात आणि दुसरी कचोरी खातात. बाटलीत वाचवलेले ताटात खर्च होते, आणि वर आपण पथ्य पाळले असे समाधानही मिळते. डाएट सोडा पिऊनही अनेकांचे वजन हलत नाही, त्यामागे रसायनापेक्षा हा हिशेब अधिक असावा, असे मला वाटते.

याच्या उलट टोकाची गोष्ट मला जास्त टोचते. माझी एक भाची महाविद्यालयात शिकते, वसतिगृहात राहते. घरात तिच्या लग्नाचे बोलणे सुरू झाले आणि कोणीतरी सहज म्हणाले, पोरगी थोडी बारीक झाली तर बरे. तिने दुपारचा डबा बंद केला. दुपारी एक झिरो बाटली आणि दोन बिस्किटे. महिन्याभराने चक्कर येऊन पडली. आपाचा फोन आला तसा मी भेटायला गेलो. ती मला म्हणाली, ‘‘मामू, यात काहीच नसतं, शून्य कॅलरी.’’ मी म्हटले, ‘‘बेटा, तेच तर सांगतोय. यात काहीच नसतं.’’

श्रोतेहो, त्या बाटलीत साखर नाही, तसे लोहही नाही, प्रथिने नाहीत, डाळ नाही, भाकर नाही, मेथीची भाजी नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. अशा राज्यात एखादी मुलगी जेवणाच्या जागी बाटली ठेवते, तेव्हा तिचे वजन किती उतरले हे विचारण्याआधी तिच्या अंगातून काय गेले हे विचारले पाहिजे. वजनकाटा तर नुसता आकडा सांगतो. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली आपले आणि ब्रिटनमधल्या एका सहकारी डॉक्टरांचे शरीर मोजून हे जगापुढे ठेवले. दोघांच्या उंचीच्या मानाने वजनाचा आकडा एकच, २२.३. पण ब्रिटिश डॉक्टरांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून बारीक असेलच असे नाही. उपाशी राहून मांस झडते, आणि काट्यावरचा आकडा पाहून आपण खूश होतो.

आणखी एक गोष्ट आपल्या घरातली. आपल्याकडे साखर बाटलीतून जेवढी येत नाही तेवढी कपातून येते. शेतावर, दुकानात, कचेरीत, पाहुणा आला तर, पाहुणा निघाला तर, चहा. दिवसाचे सहा कप, प्रत्येकात दोन चमचे, चमचा पाच ग्रॅमचा धरला तर ६० ग्रॅम साखर. म्हणजे जवळजवळ २४० कॅलरी. साध्या कोलाच्या दोन बाटल्यांच्या जवळ जाणारा हा आकडा आहे. सहा कप गोड चहा पिणारा माणूस आठवड्यातून एकदा डाएट बाटली घेऊन वजन उतरण्याची वाट पाहत असेल, तर तो गळक्या रांजणाचे झाकण बदलतो आहे.

जिभेची एक चांगली गोष्ट अशी की ती शिकते. चहातली साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. पहिले काही दिवस चहा फिका लागेल, मग तोच बरा लागेल. डाएट सोड्याची मला अडचण वाटते ती इथे. तो साखर काढून घेतो, पण गोडाची सवय होती तिथेच ठेवतो. जीभ रोज तेवढेच गोड मागत राहते.

रमजानचा महिना उन्हाळ्यात आला की तहान आणि भूक यांतला फरक शरीर स्वतः शिकवते. दिवसभराच्या रोजानंतर दस्तरखानावर लाल सरबत असते, भजी असतात, हल्ली रंगीत बाटल्याही असतात. पण खजूर खाऊन पाण्याचा पहिला घोट घशाखाली उतरतो, तेव्हा जे शांत होते त्याला तहान म्हणतात. त्यानंतर जे उरते ती भूक. तिला अन्न लागते. आणि त्याही नंतर जे उरते ती जिभेची हौस. डाएट सोडा या तिसऱ्या खात्यातला आहे. हौस म्हणून कधीतरी प्यायला हरकत नाही. तहानेसाठी आपल्याकडे पाणी आहे, माठ आहे, ताक आहे, मीठ घातलेले लिंबूपाणी आहे.

तेव्हा माझे सांगणे थोडक्यात असे. रोज साखरेचे शीतपेय पिण्याची सवय असेल तर डाएट बाटली ही त्यातून खाली उतरायची एक पायरी आहे. तिच्यावर मुक्काम करू नये, पुढची पायरी पाण्याची. मधुमेह असलेल्यांनी ती कधीमधी घ्यायला हरकत नाही, पण सोबतच्या कचोरीचा हिशेब डॉक्टरांना खरा सांगावा. लहान मुलांना तिची सवय लावू नये. आणि ज्या घरात मुलगी जेवण सोडून बाटली पिते, त्या घराने तिला कॅलरी समजावून सांगण्याआधी ‘थोडी बारीक हो’ हे बोलणे बंद करावे. माझ्या आपाने ते केले. भाची आता दुपारी डबा खाते.